विमानातून खनिजांचा नकाशा: बटण दाबण्याआधी वर्णपट वाचायला शिका

हायपरस्पेक्ट्रल डेटावर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा प्रकाश शेकडो तरंगलांबींना वेगवेगळा मोजणाऱ्या चित्रांवर, नव्याने काम सुरू करणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअरमधलं ‘क्लासिफाय’ बटण दाबतात. पाच मिनिटांत झकास नकाशा तयार होतो: लाल म्हणजे ॲल्युनाइट, हिरवं म्हणजे केओलिनाइट, पिवळं म्हणजे कॅल्साइट. त्यातलं किती खरं आणि किती खोटं हे मात्र सांगता येत नाही, कारण त्यातला एकही वर्णपट, म्हणजे कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश परत आला याचा आलेख, त्यांनी स्वतः वाचलेला नसतो. म्हणून या लेखात ते बटण बरंच उशिरा येईल. आधी डोळे तयार करायचे.

हे जमतं कसं

ऊन खडकावर पडतं, काही प्रकाश शोषला जातो, उरलेला परत येतो. कुठल्या तरंगलांबीला किती शोषला गेला हे खनिजाच्या रचनेवर ठरतं. लोह असलेली खनिजं साधारण 0.4 ते 1.3 मायक्रॉनच्या पट्ट्यात प्रकाश शोषतात; तिथे कारण असतं इलेक्ट्रॉनांच्या उड्या. माती-खनिजं, अभ्रक, कार्बोनेट, सल्फेट यांच्या खुणा त्यापुढे, 2.5 मायक्रॉनपर्यंत सापडतात. तिथे हायड्रॉक्सिल, पाणी आणि कार्बोनेट यांच्या बंधांची कंपनं कामाला येतात. आलेखावर हे शोषण खाचेसारखं दिसतं. खाच कुठे आहे, किती खोल, किती रुंद, एकेरी की दुहेरी, यावरून खनिज ओळखायचं.

लँडसॅट 8 या उपग्रहाचा एक बँड 2.11 ते 2.29 मायक्रॉनचा सगळा पट्टा एकाच आकड्यात गुंडाळतो. ‘इथे काहीतरी माती-खनिज असावं’ यापलीकडे त्यातून फार काही कळत नाही. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने (जेपीएल) बनवलेलं एव्हिरिस हे विमानावरचं उपकरण 0.4 ते 2.5 मायक्रॉनच्या दरम्यान 224 बँड नोंदवतं, प्रत्येकात जेमतेम 10 नॅनोमीटरचं अंतर. म्हणजे लँडसॅटच्या त्या एका बँडच्या जागी सुमारे 18 आकडे मिळतात, आणि खाचेचा आकार डोळ्यांना दिसू लागतो.

मर्यादाही आताच सांगतो. क्वार्ट्‌झ आणि साधे फेल्डस्पार या पट्ट्यात जवळपास मुके असतात. त्यांच्यासाठी 8 ते 12 मायक्रॉनचा औष्णिक पट्टा लागतो. प्रकाश खडकात अगदी वरवर शिरतो, त्यामुळे हात-दोन हात मातीखाली काय आहे ते कळत नाही. आणि सोनं दिसत नाही. सोन्याच्या आसपास गरम पाण्याने बदललेले खडक दिसतात, एवढंच. ‘विमानातून सोनं शोधलं’ अशा बातम्या वाचताना हे लक्षात असू द्या.

पायरी 1: सरावाला क्युप्राइट घ्या

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, गोल्डफील्ड गावाच्या दक्षिणेला क्युप्राइट नावाचा जुना खाणपट्टा आहे. महामार्ग 95 त्याच्या मधून जातो आणि बदललेल्या खडकांचे दोन भाग करतो, एक पश्चिमेला, एक पूर्वेला. या विषयात जगभरच्या लोकांनी हात बसवला तो इथेच. कारणं सरळ आहेत. वाळवंट, झाडोरा विरळ, खडक उघडा. गरम पाण्याने बदललेल्या खडकांचे पट्टे ठसठशीत: मध्ये सिलिकाने कडक झालेला भाग, त्याभोवती ओपलचा, बाहेर माती-खनिजांचा. आणि 1970 च्या दशकापासून इतक्या जणांनी इथे पायपीट केली आहे की तुमचं उत्तर ताडून बघायला छापील नकाशे आहेत. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे, म्हणजे यूएसजीएसचे, क्युप्राइटचे खनिज नकाशे उघड उपलब्ध आहेत.

एव्हिरिसचा डेटा जेपीएलच्या पोर्टलवर फुकट मिळतो. सॉफ्टवेअरसाठीही खिशात हात घालायची गरज नाही: क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एनमॅप-बॉक्स हे प्लगइन बसवा किंवा पायथॉन येत असेल तर ‘स्पेक्ट्रल पायथॉन’ ही लायब्ररी घ्या. एनव्ही हे पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर कॉलेजात असेल तर वापरा, पण ते नाही म्हणून अडून बसू नका.

पायरी 2: फाइल उघडा आणि तिच्यावर संशय घ्या

डेटाबरोबर एक छोटी हेडर फाइल येते. ती आधी टेक्स्ट एडिटरमध्ये वाचा. तरंगलांबी मायक्रॉनमध्ये दिली आहे की नॅनोमीटरमध्ये? किमती 0 ते 1 आहेत की 10,000 ने गुणलेल्या? मुख्य म्हणजे हा डेटा रेडिअन्स आहे की परावर्तन? रेडिअन्स म्हणजे सेन्सरपर्यंत पोचलेला प्रकाश. त्यात सूर्याचा वर्णपट आणि हवेचा परिणाम मिसळलेला असतो. खनिजं ओळखायला जमिनीचं परावर्तन लागतं. वर्णपट ग्रंथालयातल्या (ओळखीच्या खनिजांच्या वर्णपटांच्या संग्रहातल्या) नमुन्यांशी रेडिअन्सची तुलना करून काहीच हाती लागत नाही, आणि सॉफ्टवेअर तुम्हाला अडवतही नाही.

पिक्सेलचा आकारही समजून घ्या. एव्हिरिस वाहून नेणारं ईआर-2 विमान सुमारे 20 किलोमीटर उंचीवरून उडतं, एव्हिरिसच्या एका पिक्सेलची दृष्टी एक मिलिरेडियन (उंचीच्या हजाराव्या भागाएवढी रुंदी), म्हणून जमिनीवर पिक्सेल सुमारे 20 मीटरचा. तेवढ्या चौकोनात एकच खनिज क्वचितच असतं.

पायरी 3: हवा काढून टाकली आहे का ते तपासा

हवेतलं बाष्प 1.4 आणि 1.9 मायक्रॉनच्या आसपास इतका प्रकाश गिळतं की तिथे वाचण्यासारखं काही उरत नाही. ते बँड सरळ टाकून द्यायचे. क्युप्राइटचा जो डेटा अभ्यासात सर्रास वापरला जातो, त्यात बाष्पाचे आणि दोन्ही टोकांचे नॉइज असलेले मिळून 36 बँड काढल्यावर 224 पैकी 188 उरतात.

आजकाल बहुतेक डेटा वातावरणाची दुरुस्ती करूनच मिळतो. तरी विश्वास ठेवण्याआधी तीन ठिकाणचे वर्णपट काढून बघा. पहिलं, हिरवं झुडूप किंवा शेत: 0.68 मायक्रॉनला क्लोरोफिलची खाच आणि तिच्यानंतर उभी चढण दिसलीच पाहिजे. दुसरं, सपाट, उजळ, एकसारखी जागा. क्युप्राइटजवळ स्टोनवॉल प्लाया नावाचं कोरडं तळं आहे; यूएसजीएसच्या लोकांनी डेटाची दुरुस्ती पक्की करायला तेच वापरलं. तिसरं, कुठलाही पिक्सेल घेऊन 2.01 आणि 2.06 मायक्रॉनला काय आहे ते पहा. तिथे कार्बन डायऑक्साइडच्या खाचा असतात. दुरुस्ती कमी-जास्त झाली असेल तर तिथे दोन खाचा किंवा दोन टेंगळं उरतात, आणि ती संपूर्ण चित्रात सारखीच दिसतात. सगळीकडे सारखं दिसणारं ते खनिज नव्हे, हा नियम पुढेही उपयोगी पडेल.

पायरी 4: नको ते झाका

पाणी, सावली, ढग आणि दाट हिरवळ यांचे पिक्सेल मास्क करून टाका. यात वाळलेलं गवत विसरलं जातं. ते हिरवं नसल्यामुळे वनस्पतींच्या नेहमीच्या निर्देशांकात सापडत नाही, पण त्यातल्या सेल्युलोज आणि लिग्निनच्या खाचा 2.1 आणि 2.3 मायक्रॉनच्या आसपास येतात, नेमक्या खनिजांच्या गर्दीत. कुरणाच्या जागी चुनखडक निघाला तर आधी गवतावर संशय घ्या.

पायरी 5: वर्णपट वाचा

इथे घाई करू नका. यूएसजीएसचं वर्णपट ग्रंथालय फुकट उतरवता येतं. त्याची सातवी आवृत्ती 2017 ची आहे. खाली दिलेल्या खनिजांचे आलेख त्यातून काढा आणि शेजारी क्युप्राइटचे पिक्सेल ठेवून बघत बसा. ग्रंथालयातले वर्णपट प्रयोगशाळेतल्या बारीक मापाचे असतात, म्हणून तुलनेआधी ते तुमच्या सेन्सरच्या बँडांवर उतरवून घ्यावे लागतात. एनमॅप-बॉक्स आणि स्पेक्ट्रल पायथॉन दोन्हींत ती सोय आहे.

केओलिनाइट, म्हणजे चिनी मातीतलं मुख्य खनिज, सुरुवातीला सगळ्यात सोपं. 2.205 मायक्रॉनला खोल खाच आणि तिच्या डाव्या खांद्यावर 2.165 ला छोटी. ही जोडखाच एकदा डोळ्यात बसली की सुटत नाही. मॉन्टमोरिलोनाइटला 2.2 च्या जवळ एकच खाच असते. शिवाय त्यात पाणी भरपूर, म्हणून 1.9 ची खाच खोल, पण ती विमानातून बाष्पामुळे दिसत नाही. मस्कोव्हाइट अभ्रकालाही 2.2 जवळ मुख्य खाच आणि 2.35 च्या आसपास एक दुय्यम. तिघं एकाच वाड्यात राहणारी, म्हणून गोंधळ इथेच जास्त होतो. निवाडा करायला 2.165 ची ती छोटी खाच बघा: आहे, तर केओलिनाइट आहे, मग सोबत अभ्रक असो वा नसो.

अभ्रकाची खाच नेमकी कुठे आहे हे दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत बघण्यासारखं असतं. ॲल्युमिनियम जास्त असलं की ती 2.195 कडे सरकते. ॲल्युमिनियमच्या जागी लोह-मॅग्नेशियम आलं की 2.22 कडे. खनिज तेच, पण ज्या द्रवातून ते बनलं त्याचं रसायन वेगळं. खनिजशोधात या सरकण्याचे नकाशे काढतात, आणि माझ्या मते हायपरस्पेक्ट्रलचा खरा कस तिथे लागतो. नुसतं ‘अभ्रक आहे’ हे सांगायला इतका खर्च कशाला?

ॲल्युनाइट हे आम्लयुक्त गरम पाण्याने घडलेलं सल्फेट. त्याची रुंद खाच 2.17 च्या आसपास सुरू होते आणि उजवीकडे खांदा देत 2.2 पर्यंत पसरते. आणखी एक 2.32 ला, आणि 1.76 ला एक. 1.76 ची खूण विसरू नका. ॲल्युनाइट आणि केओलिनाइट एकत्र असताना 2.2 जवळ खिचडी होते, तिथे 1.76 ची साक्ष घ्यावी लागते.

कार्बोनेट झटपट होतात: कॅल्साइट 2.34, डोलोमाइट 2.32. मात्र क्लोराइट आणि एपिडोटही 2.34 च्या आसपास खाच दाखवतात. त्यांना 2.25 जवळ आणखी एक असते, कॅल्साइटला नसते.

आता लोह. हेमटाइटची रुंद खाच 0.86 ते 0.88 ला, गोएथाइटची 0.92 ते 0.94 ला. जारोसाइट, म्हणजे सल्फाइड कुजल्यावर तयार होणारं पिवळसर सल्फेट, 0.91 च्या आसपास खाच देतं, वर 0.43 ला एक अरुंद आणि 2.265 ला आणखी एक. जारोसाइट ओळखता येणं फार कामाचं आहे. कोलोरॅडोतल्या लेडव्हिल इथे जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून आम्लयुक्त पाणी झिरपत होतं. यूएसजीएसने एव्हिरिसच्या डेटावरून जारोसाइट कुठे आहे ते काढलं आणि कुठले ढीग आधी हलवायचे हे ठरवायला पर्यावरण खात्याला त्याची मदत झाली.

क्युप्राइटचं एक खास पात्र राहिलं: बडिंग्टनाइट. अमोनियम असलेला हा फेल्डस्पार 1964 मध्ये पहिल्यांदा कॅलिफोर्नियातून नोंदला गेला. हातात घेतला तरी ओळखू येत नाही, आसपासच्या खडकासारखाच दिसतो. 1980 च्या दशकात एव्हिरिसच्या आधीचं एआयएस हे उपकरण क्युप्राइटवरून उडालं, आणि अलेक्झांडर गोएट्झ व सहकाऱ्यांना डेटात 2.12 मायक्रॉनजवळ एक खाच दिसली. ती तिथल्या माहीत असलेल्या कुठल्याच खनिजाशी जुळेना. नमुने तपासल्यावर बडिंग्टनाइट निघालं. इतकी वर्षं भूवैज्ञानिक त्याच्यावरून चालत होते आणि ते आधी विमानाला दिसलं! ही गोष्ट बटणाने घडलेली नाही. न जुळणारी खाच कुणीतरी थांबून पाहिली म्हणून घडली.

पायरी 6: खाच मोजा

वेगवेगळ्या पिक्सेलचा उजळपणा आणि उतार वेगळे असतात, म्हणून खाचांची सरळ तुलना होत नाही. त्यासाठी ‘कंटिन्युअम रिमूव्हल’ करतात. आलेखाच्या उंच टोकांवरून दोरी ताणून बसवली आहे असं समजा. प्रत्येक ठिकाणी आलेखाची किंमत दोरीच्या उंचीने भागायची. उतार निघून जातो, दोरी 1 वर सपाट होते आणि खाच तेवढी उरते. तिची खोली म्हणजे 1 उणे तळाची किंमत.

2.2 ची खोली, 2.165 ची खोली, 2.34 ची खोली असे तीन राखाडी नकाशे काढा आणि लाल, हिरव्या, निळ्या रंगात एकत्र बघा. कुठलाही वर्गीकरणाचा अल्गोरिदम न चालवता क्युप्राइटचे पट्टे समोर येतात. नवशिक्याने इथवर एकदा तरी हाताने यावं. अर्थात खोली म्हणजे थेट खनिजाचं प्रमाण नव्हे. कणांचा आकार आणि मिसळ यांनीही ती बदलते.

पायरी 7: आता बटण

सगळ्यात सोपी पद्धत ‘स्पेक्ट्रल अँगल मॅपर’, लोक नुसतं सॅम म्हणतात. पिक्सेलचा वर्णपट आणि नमुन्याचा वर्णपट हे दोन सदिश धरून त्यांच्यातला कोन काढायचा. कोन लहान, साम्य जास्त. सावली-उन्हाने फक्त लांबी बदलते, कोन फारसा बदलत नाही, ही त्याची खुबी. पण 0.4 ते 2.5 चा पूर्ण पट्टा दिलात तर सॅम आलेखाच्या ढोबळ चढ-उतारावर भाळतो आणि छोट्या खाचा वाहून जातात. माती-खनिजांसाठी 2.0 ते 2.4 एवढाच तुकडा द्या. कोनाची मर्यादा अनेकदा 0.1 रेडियन ठेवतात. तिथून सुरू करा, मग कमी करत जा आणि नकाशा कुठे तुटायला लागतो ते पहा.

डेटा नॉइजी असेल तर एमएनएफ (मिनिमम नॉइज फ्रॅक्शन) हे रूपांतर आधी चालवा. ते माहिती आणि नॉइज वेगळे करून बँडांची गर्दी कमी करतं. एका पिक्सेलमध्ये किती कुठलं खनिज आहे ते हवं असेल तर अनमिक्सिंगच्या पद्धती आहेत. त्या महिनाभर थांबल्या तरी चालतील.

यूएसजीएसची टेट्राकॉर्डर ही प्रणाली वेगळ्या वाटेने जाते, आणि मला ती जास्त पटते. ती प्रत्येक खनिजाच्या ओळखीच्या खाचा एकेक करून, कंटिन्युअम काढून, नमुन्याशी ताडते, आणि पुरेसं काही जुळलं नाही तर पिक्सेल कोरा सोडते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर 2022 मध्ये बसवलेल्या एमिट या उपकरणाच्या खनिज नकाशांमागेही हीच प्रणाली आहे. तुम्ही कुठलीही पद्धत वापरा, ‘माहीत नाही’ हा वर्ग नकाशात असू द्या. एकही कोरा पिक्सेल नसलेला खनिज नकाशा मी बाजूला ठेवतो.

भौगोलिक जुळणी, म्हणजे चित्र नकाशावरच्या खऱ्या जागी बसवणं, सगळ्यात शेवटी. आधी करायचीच असेल तर ‘निअरेस्ट नेबर’ निवडा. बाकी पद्धती शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढतात आणि जमिनीवर कुठेच नसलेला वर्णपट तयार होतो.

पायरी 8: पडताळा

प्रत्येक वर्गातून ठळक जुळलेले, जेमतेम जुळलेले आणि हुकलेले असे पिक्सेल निवडा, त्यांचे वर्णपट उघडून पायरी 5 प्रमाणे वाचा. मग यूएसजीएसच्या नकाशाशी ताडा. स्वतःच्या क्षेत्रात काम करताना मात्र जमिनीवर जावं लागतं: हातातला स्पेक्ट्रोमीटर, आणि नमुन्यांची एक्स-रे डिफ्रॅक्शन चाचणी, जी स्फटिकरचनेवरून खनिज ओळखते. नमुना खडकाच्या उन्हातल्या पृष्ठभागाचा घ्या. हातोड्याने फोडलेला ताजा आतला भाग विमानाने पाहिलेलाच नसतो.

आपल्याकडे करायचं तर

इस्रो आणि नासाने मिळून 2015-16 च्या हिवाळ्यात एव्हिरिस-एनजी हे नवं उपकरण भारतात आणलं आणि इस्रोच्या बी-200 विमानातून देशभरातली 57 ठिकाणं टिपली. 2018 मध्ये दुसरा टप्पा झाला. साधारण 5 नॅनोमीटरच्या अंतराने सुमारे 425 बँड, पिक्सेल 4 ते 8 मीटर. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरच्या वेदास पोर्टलवर या डेटाची माहिती मिळते. खनिजांसाठी सुरुवात राजस्थानातल्या जहाजपूरपासून करा: कोरडा मुलूख, उघडे खडक, वैविध्य भरपूर. संगणकाची तयारी ठेवा. सुमारे 600 पिक्सेल रुंद आणि 10,000 ओळींची एक पट्टी 10 जीबीच्या आसपास जाते, म्हणून आधी छोटा तुकडा कापून घ्या.

महाराष्ट्रात हा खेळ अवघड होतो. दख्खनच्या ताज्या बेसाल्टमध्ये पायरॉक्सिन या खनिजाच्या 1 आणि 2 मायक्रॉनजवळच्या रुंद खाचा, खडक काळा, म्हणून सिग्नल क्षीण. त्यावर सह्याद्रीचा झाडोरा. कोल्हापूरकडचे आणि कोकणातले उघडे सडे (खडकाळ पठारं) मात्र करून बघण्यासारखे आहेत: जांभ्यात हेमटाइट, गोएथाइट, केओलिनाइट, आणि बॉक्साइट असेल तिथे गिब्साइट. एक सापळा तेवढा लक्षात ठेवा. गिब्साइटची खाच 2.265 च्या जवळ येते, जारोसाइटचीही तिथेच. जांभ्यात गोएथाइट असतंच, त्यामुळे 0.9 च्या परिसरावरून निवाडा होणार नाही. 0.43 ची अरुंद खाच शोधायची, तर निळ्या टोकाला डेटा नॉइजी. अशा वेळी भूशास्त्राला विचारा: जारोसाइटला सल्फाइड लागतं, या सड्याखाली ते आहे का? सॉफ्टवेअरने कोल्हापूरच्या पठारावर जारोसाइट दाखवलं, तर त्या पिक्सेलचे वीस-पंचवीस वर्णपट उघडा, गिब्साइटचा नमुना शेजारी ठेवा आणि मगच त्या वर्गाला नाव द्या.